ठिपक्याखालचा बोल्ट

आमच्या गॅरेजमध्ये मामाने आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका असतो. काडेपेटीतली काडी रंगाच्या डबीत बुडवायची, बोल्टच्या डोक्यावर टेकवायची, झालं काम. ठिपका ही मामाची सही. तो दिसला की त्या बोल्टला पुन्हा पाना लावायचा नाही, शंका काढायची नाही, पुढे सरकायचं. मी एकोणीस वर्षांची असताना इथे कामाला लागले, आता चौतीस वर्षांची आहे. या पंधरा वर्षांत मामाचे बाकी सगळे नियम माझे मोडून झालेत, हा एक सोडून.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. वय अडुसष्ट, अंगाने सडपातळ, त्यामुळे गाडीखाली असा सरकतो की बाहेर फक्त चपला उरतात. गाडीच्या पोटाखालचं सगळं त्याचं आणि तारा, दिवे, बॅटरी माझं, अशी आमची वाटणी आहे. वीज म्हटली की त्याच्या कपाळाला आठ्या. "दिसत नाही, वास येत नाही, आणि हात लावला की झटका देते. मला नको ती," असं म्हणतो आणि माझा मीटर दिसला की तोंड फिरवतो. मला तो ठिणगी म्हणतो. कोणी कारण विचारलं तर सांगतो, तारांशी खेळते म्हणून. खरं कारण गिऱ्हाइकांना ठाऊक आहे.

आता त्याच्या शब्दाबद्दल. मामा एकदा बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ. तंबाखू त्याने एका दुपारी सोडली आणि पुन्हा शिवला नाही. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याशी अकरा वर्षांपूर्वी भांडण झालं, तेव्हा "तुझ्याशी या जन्मात बोलणार नाही" म्हणाला. माल मात्र त्याच्याकडूनच आणतो, कारण जवळपास दुसरं धड दुकान नाही. चिठ्ठी काउंटरवर ठेवतो, बोट दाखवतो, मान हलवतो, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. आणि हाच मामा एकदा चहाच्या वेळी चार लोकांसमोर म्हणाला होता, "ज्या दिवशी माझ्या ठिपक्याखाली खोट निघेल, त्या दिवशी मी पाना खाली ठेवीन. मग पुन्हा उचलणार नाही." सगळे हसले. मी नाही हसले, कारण मी त्याला ओळखते. मामाशिवाय हे गॅरेज म्हणजे माझ्या लेखी नुसतं पत्र्याचं छप्पर. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्याने मला कामाला लाग म्हटलं असतं.

तर त्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरबाई त्यांचा छोटा ट्रक घेऊन आल्या. पन्नाशीच्या, उंच, दणकट, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसतं.

"मामा, माझी गाडी पांगळी झाली," त्या उतरता उतरताच म्हणाल्या. "मागची चाकं फिरतात, पुढची नुसती ओढली जातात. फोर व्हीलचं बटण फिरवलं की दिवा लुकलुकतो, खालून टक् असा आवाज येतो, आणि मग काही नाही. उद्या सकाळी मला वरच्या वस्तीवर जायचंय. दोनशे शेळ्या लसीसाठी बांधून ठेवणार आहेत लोक. शेवटचा चढ सगळा चिकण मातीचा. दोन चाकांवर गेले तर मी खाली आणि शेळ्या वर."

"म्हणजे उंटावरून नाही, पायथ्यावरून शेळ्या हाकाल," मी म्हटलं.

"हसून घे. आधी गाडी बघ."

मामाने गाडी जॅकवर घेतली आणि चारही बाजूंनी लोखंडी घोड्या लावल्या, म्हणजे चारही चाकं हवेत. मी आत बसून इंजिन चालू केलं, गिअर टाकला, बटण फोर व्हीलवर फिरवलं. मागची चाकं गरगर फिरली. पुढची ढिम्म.

जुन्या गाड्यांत यासाठी एक दांडा असायचा. हाताने खेचला की खालचा गिअर अडकायचा आणि पुढच्या चाकांना ताकद मिळायची. आता दांडा नाही. बटण एका कंट्रोल बॉक्सला सांगतं, बॉक्स गाडीखालच्या एका छोट्या मोटरला सांगतो, आणि ती मोटर गिअर सरकवते. मामाला हा प्रकार मुळीच मान्य नाही.

"दांडा होता तेव्हा बिघडला की कळायचं तरी," तो म्हणाला. "आता तीन जण एकमेकांना निरोप देतात आणि मधल्यामध्ये कोण झोपलंय ते शोधत बसा."

"तेच तर माझं काम आहे."

"म्हणून तर तुला ठेवलीय."

मी शोधायला लागले. फ्यूज पाहिला, शाबूत. चारही टायर एकाच मापाचे, कारण एखादा लहानमोठा असला तरी ही यंत्रं रुसतात. बटण काढून तपासलं, चोख. मग मामाने खालून मोटर काढून दिली आणि मी ती थेट बॅटरीला जोडली. अशी घुमली की डॉक्टरबाईंनी मान डोलावली. म्हणजे मोटर निरोगी. प्लग उघडून साफ केले, तारा वाकवून पाहिल्या, प्रत्येक टोकाला मीटर लावला. सगळीकडे बारा व्होल्ट. कंट्रोल बॉक्सची अर्थिंगची तारही तपासली, तीसुद्धा ठीक. मोटर पुन्हा बसवली, बटण फिरवलं. टक्. आणि पुढे शांतता.

दुपार झाली. डॉक्टरबाई टायरच्या चळतीवर बसून आपली रजिस्टरं भरत होत्या. मी कपाळाला ग्रीस फासून घेतलं होतं आणि माझा पारा चढत चालला होता.

"तुझं बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुझे पेशंट निदान लाथा मारत नाहीत."

"मारतात. जरा उशिरा मारतात."

मामा चाकांच्या फळीवरून बाहेर आला. "आता राहिला तो बॉक्स," तो म्हणाला. "त्याचंच डोकं फिरलं असणार. त्या माणसाकडे जुना एखादा असेल तर आणतो, लावून बघू." त्या माणसाकडे म्हणजे कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे. मामाने चिठ्ठी लिहून घेतली, चष्मा पुसला आणि गेला. मुक्याने खरेदी करायची म्हणजे तासभर तरी लागणार, हे मला माहीत होतं.

तो गेला आणि मी जरा गप्प बसले. राग आला की माझं डोकं चालत नाही, हे मला उशिरा का होईना कळलेलं आहे. बसल्या बसल्या लक्षात आलं, की मी अर्थिंग तपासलं ते बटण न फिरवता. मोटर ओढ घेत नव्हती तेव्हा. आता अर्थिंगची गोष्ट अशी, की वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत बॅटरीकडे जाते. परतीची वाट जराशी उघडी असेल तर मीटरला सगळं छान दिसतं. खरी गर्दी झाली की मग कळतं वाट किती अरुंद आहे ते.

मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं बॉक्सच्या अर्थिंगच्या तारेला.

"डॉक्टर, जरा बटण फिरवा."

टक् झालं आणि मीटरवर सात आकडा आला. तिथे शून्य हवा होता. बारातले सात व्होल्ट परतीच्या वाटेवरच अडकून पडत होते आणि बिचाऱ्या मोटरच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं. मी एवढ्या जोरात "सापडलं!" म्हणाले की डॉक्टरबाईंची पेन्सिल खाली पडली.

फळीवर पडून मी खाली सरकले आणि त्या तारेचा माग काढत गेले. तार एका आडव्या पट्टीवरून वळली, सांगाड्याला टेकली आणि एका बोल्टखाली संपली. बोल्टवर पिवळा ठिपका होता.

सकाळपासून मी तीनदा या बोल्टवरून नजर फिरवली होती आणि तीनही वेळा पुढे सरकले होते.

मग सगळं आठवलं. दोन महिन्यांपूर्वी हीच गाडी गंजाच्या कामासाठी आली होती. मामाने चार दिवस सगळा सांगाडा घासला आणि त्याला काळ्या रंगाचे दोन हात दिले. डॉक्टरबाईंची गाडी चिखलातून जाते म्हणून जरा जास्तच जीव लावला. जिथे जिथे बोल्ट होता तिथे तो काढून, खालची जागासुद्धा रंगवून, मग पुन्हा आवळला, म्हणजे खालून गंज धरायला नको. बाकी सगळ्या बोल्टांसाठी हे उत्तम. पण रंगातून वीज जात नाही. या एका बोल्टखाली तारेचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये त्याने रंगाची भिंत बांधली होती. काही दिवस बोल्टच्या आट्यांमधून काम भागलं असेल. मग चिखलपाणी शिरलं, आट्यांवर गंज चढला आणि तीही वाट बंद झाली.

बोल्ट मात्र पक्का होता. उघडताना मला अंगातली सगळी ताकद लावावी लागली.

मी रंग खरवडला, तारेचं टोक घासून लख्ख केलं, नवा बोल्ट घातला आणि आवळला. बाहेर येऊन गिअर टाकला, बटण फिरवलं. टक् झालं, त्यामागून घर्र आलं, आणि पुढची दोन्ही चाकं फिरायला लागली. डॉक्टरबाईंनी टाळ्याच वाजवल्या. एरवी मी नाचले असते. त्या दिवशी मला एकच गोष्ट दिसत होती, की मामा येईल, विचारेल, मी सांगेन, आणि तो पाना ठेवून देईल.

पुढे जे केलं ते मी फार विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. रंगाची डबी टेबलावर होती, काडी होती. मी पुन्हा खाली सरकले आणि नव्या बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका देऊन आले.

मामा खोका घेऊन आला तेव्हा मी हात धूत होते.

"परत द्यावा लागेल तो," मी म्हटलं. "झालं काम. एक तार खराब होती."

"कुठली?"

"आतली."

मामा माझ्याकडे बघत राहिला. "पंधरा वर्षांत तू मला 'आतली' असं कधी सांगितलं नाहीस. एरवी मी नको नको म्हणत असताना अर्धा तास समजावतेस."

त्याने खोका ठेवला, दिवा घेतला आणि फळीवर आडवा झाला. बाहेर चपला उरल्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

"ठिणगे," खालून आवाज आला. "हा ठिपका माझा नाही."

"कशावरून?"

"मी ठिपका अर्धा बोल्टवर देतो आणि अर्धा शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी ठिपका तुटलेला दिसतो. हा नुसता डोक्यावर आहे."

मला पंधरा वर्षांत हे दिसलं नव्हतं. दिसणार कसं, ठिपका आला की मी पुढे सरकत होते ना. मला लाज वाटली, इतकी की डॉक्टरबाई समोर आहेत हेही मी विसरले. मी फळीशेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या चपलांना सगळं सांगितलं. रंग, अर्थिंग, सात व्होल्ट, आणि काडी.

मामा बाहेर आला, उठून बसला. चिडला नव्हता. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बोल्टातली चूक माझी," तो म्हणाला. "पण तिच्यावर माझ्या नावाचा ठिपका तू दिलास. कशाला?"

"तू पाना ठेवशील म्हणून. आणि मला तू इथे हवा आहेस म्हणून." माझा आवाज चिरकला. "बोल्ट घट्ट होता, मामा. ठिपका म्हणजे घट्ट, एवढंच ना? घट्टच होता."

"घट्ट असून काय उपयोग? बाईंची गाडी चढावर अडली असती." त्याने खिशातला पाना काढला, फडक्याने पुसला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मग डॉक्टरबाईंकडे वळला. "चूक आमची होती. आता गाडी ठीक आहे. हिने केलंय, म्हणजे उद्या बिनघोर जा."

"अहो मामा, मी एकदा चांगल्या गाईला इंजेक्शन देऊन आले होते आणि आजारी शेजारी उभी होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्यात गेलेच ना मी?"

मामा हसला, हात जोडले आणि तीन वाजता घरी गेला. तीन वाजता घरी गेलेला मामा मी पहिल्यांदा पाहिला.

पाचच्या सुमारास मामीचा फोन आला. "काय केलंस गं याला? आल्यापासून घरातली सगळी बिजागरं आवळत सुटलाय. कपाटं झाली, खिडक्या झाल्या, आता माझ्या शिलाई मशीनच्या मागे लागलाय."

"पाना घेऊन?"

"पाना कुठला! पेचकस घेऊन. मी पाना पुढे केला तर म्हणाला, तो मी धरणार नाही."

"मामी, रागावलाय का माझ्यावर?"

"रागावला की जेवत नाही तो. आज मागून घेऊन जेवलाय. काहीतरी विचार चाललाय डोक्यात. तू लवकर झोप आणि रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"हो, कळतंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायला गेले तर कुलूप निघालेलं होतं. मामा माझ्या टेबलाशी, माझ्याच स्टुलावर बसला होता. समोर नवी कोरी वही, शाळेतल्या पोरांची असते तसली, आणि शेजारी माझा मीटर. मीटरला त्याने हात लावलेला नव्हता. नुसता बघत होता.

"ये," तो म्हणाला. "उशीर झाला तुला."

"मामा, तू कालच तर पाना ठेवलास—"

"पाना ठेवला तो ठेवला. त्यात बदल नाही. याच्याबद्दल मी कुठे काय बोललो होतो?" त्याने मीटरकडे बोट दाखवलं. "रात्री पडल्या पडल्या विचार केला. चाळीस वर्षं गाडीखाली काढली आणि त्या लोखंडातून वीज घरी परत जाते हे मला माहीत नाही. तू कितीदा सांगायला आलीस, मी तोंड फिरवलं. चूक बोल्टची नव्हती, ती ही होती. शिकव मला."

खरं तर त्याला मिठी मारावीशी वाटत होती, पण आमच्या घरात ती पद्धत नाही. मी दुसरं स्टूल ओढलं.

परतीची वाट म्हणजे काय, हे मी त्याला बॅटरी, एक बल्ब आणि तारेचे दोन तुकडे घेऊन दाखवलं. त्याने वहीत काढून घेतलं. तोच प्रश्न त्याने चार वेळा विचारला. चौथ्या वेळी माझा आवाज चढला.

"चढव, चढव," तो लिहिता लिहिता म्हणाला. "लक्षात राहतं त्याने."

साडेनऊला फोन वाजला. डॉक्टरबाईंचा आवाज फोन हातभर लांब धरूनही ऐकू येत होता, आणि मागे शेळ्यांचा गोंगाट. "चढले गं! एकदाही घसरली नाही. मामा आहेत का तिथे?"

"आहेत. अभ्यास करताहेत."

"काय करताहेत?"

"या तुम्ही परत, मग दाखवते."

मग दिवसाचं पहिलं काम आलं. एक जुनी मोटार, गिअर बॉक्सच्या जोडावरून तेल ठिबकत होतं. हे मामाचं काम, वर्षानुवर्षं त्याचंच. मी त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? पेटीतून काढ पाना आणि जा खाली," तो म्हणाला. "सहा बोल्ट आहेत. समोरासमोरचे जोडीने आवळायचे, गोल गोल फिरत जायचं नाही. मी आहे इथे."

मी फळीवर पडून खाली सरकले. त्याचा पाना हातात जड लागला आणि पहिल्याच बोल्टला माझं बोट चेमटलं. मी एक शिवी हासडली. तेवढ्यात शेजारी खरखर झाली आणि मामा पुठ्ठ्यावर पाठ टेकून माझ्या बाजूला सरकला, हातात दिवा घेऊन.

आमच्या धंद्यात दिवा धरणं हे शिकणाऱ्याचं काम. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी त्याच्यासाठी दिवा धरला, आणि रोज ऐकलं, इकडे नको, तिकडे, माझ्या डोळ्यांत नको, बोल्टवर धर. मी पुढच्या बोल्टला पाना लावला. कुठे धर ते मला सांगावंच लागलं नाही. मामाने धरलेला दिवा पहिल्यापासून मला हवा होता तिथेच होता.